जावईबापूंचा घटस्फोट

२ फेब्रुवारी

आज सकाळी बायकोने घटस्फोट मागितला. मी उकडलेलं अंडं सोलत होतो. मी म्हटलं, "बरं."

"बघ!" ती म्हणाली. "हेच!"

हेच म्हणजे काय, ते विचारायच्या आत ती ड्यूटीवर निघून गेली. ती इथल्या शहर बसवर ड्रायव्हर आहे. संध्याकाळी विचारू म्हटलं, तर संध्याकाळी ती दमलेली दिसली, म्हणून नाही विचारलं. समजूतदारपणा माझ्यात पहिल्यापासून आहे.

मनातलं कुठेतरी ओतावं म्हणून आजपासून डायरी. बोलायला तसं कोणी नाही. मी दातांच्या लॅबमध्ये आतल्या खोलीत कवळ्या करतो. समोर प्लास्टरचे जबडे असतात, ते उघडे असले तरी बोलत नाहीत. इकडची भाषा मला समजते, पण तोंडातून निघत नाही. गरजच पडली नाही कधी. बँक, घरमालक, दवाखाना, सगळीकडे बायको बोलते आणि मी शेजारी उभा राहून मान हलवतो. आमचं छान जमलं होतं.

९ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेलो. दोघांत मिळून एकच वकील केली आहे, कारण भांडण नाही. चपला दुरुस्तीच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे आणि खालून सारखी ठोकाठोक ऐकू येते. त्या प्रश्न मला विचारत होत्या आणि उत्तरं बायको देत होती.

"यांना घटस्फोट मान्य आहे?"

"मान्य आहे," बायकोने सांगितलं.

"मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

मी मान हलवली.

"तोंडून," वकीलबाई म्हणाल्या.

मी इकडच्या भाषेत "हो" म्हटलं. शर्ट पाठीला चिकटला. जिना उतरताना बायको म्हणाली, "अकरा वर्षांत तू इकडच्या माणसाशी आपल्या तोंडाने पहिला शब्द बोललास. कुठला, तर हा."

शाबासकी होती की काय, कळलं नाही.

दोन अडचणी निघाल्या. पहिली, सहा महिने वेगळं राहायला हवं. एका घरात राहिलं तरी चालतं, पण शेगडी वेगळी, जेवण वेगळं, झोपणं वेगळं. कोर्टाची बाई कधीही पाहणीला येऊ शकते. दुसरी अडचण म्हणजे आमचं लग्न गावी झालं आणि त्याची नोंदच केलेली नाही. वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टाच्या लेखी तुमचं लग्न झालेलंच नाही. जे झालंच नाही ते मोडणार कसं?"

म्हणजे आधी लग्न सिद्ध करायचं, मग मोडायचं.

१० फेब्रुवारी

घराची वाटणी झाली. आतली खोली तिची, बाहेरची माझी. फ्रिजचे वरचे दोन कप्पे तिचे, खालचे दोन माझे, अंड्यांच्या खाचा निम्म्या निम्म्या. सगळं शांतपणे झालं. सकाळी मात्र सवयीने मी दोघांचा चहा टाकला. ओतून द्यायला जीव होईना. शेवटी दोघांनी तो आपापल्या खोलीत, दार लावून प्यायला. कायद्याला धरून झालं.

५ मार्च

बायकोने गावी सासऱ्यांना फोन केला. खरं सांगायची हिंमत तिला झाली नाही. "नोकरी कायम व्हायचीय, लग्नाचा दाखला मागतात," असं म्हणाली. तिची आई गेल्यापासून सासरे एकटेच असतात. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. अर्ध्या तालुक्याला त्यांनी गाडी शिकवली, बायकोलाही त्यांनीच.

ते फोनमध्ये इतके मोठ्याने बोलले की मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "एवढंच ना? कचेरीतला साहेब माझाच विद्यार्थी! चढावर गाडी मागे सोडायचा लेकाचा! आणि जावईबापू कसे आहेत?"

"मजेत आहेत," बायको म्हणाली.

मी भिंतीला कान लावून होतो. मी मजेत आहे हे ऐकून बरं वाटलं.

८ जुलै

मधले चार महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही. वेगळं राहणं सुरळीत चाललं आहे. एकदा तिला ताप आला होता, तेव्हा तिच्या दाराबाहेर पेज ठेवून दारावर टकटक करून मी पळून आलो.

आज सासऱ्यांचा फोन. दाखला झाला! विद्यार्थ्याने आधी चार महिने रखडवलं, मग एका दिवसात करून दिलं. पोस्टावर सासऱ्यांचा भरवसा नाही. ते स्वतः घेऊन येत आहेत. तिकीट काढून झालं आहे.

बायको मटकन खाली बसली. माझ्या वाटणीच्या खुर्चीवर बसली, पण मी काही बोललो नाही.

१३ जुलै

सासरे आले. विमानतळावर त्यांनी मला मिठी मारली. "जावईबापू, वाळलात हो!" मग बायकोला म्हणाले, "उपाशी ठेवतेस की काय यांना?"

आता गोची अशी. कोर्टाच्या दृष्टीने आम्ही वेगळं राहायला हवं आणि सासऱ्यांच्या दृष्टीने एकत्र. बाहेरची खोली त्यांना द्यावी लागली, म्हणजे मी आत. बायकोने वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, मध्ये काहीतरी भिंतीसारखं उभं करा. म्हणून आम्ही कपाट ओढून खोलीच्या मध्यावर आणलं. पलीकडे तिचा पलंग, अलीकडे माझी गादी. रात्री सासऱ्यांनी दारातून बघितलं.

"हे कपाट असं गाढवासारखं मध्येच का उभं केलंय?"

"भिंतीला ओल आहे," मी म्हटलं. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, असं दिसतं. एवढ्या वर्षांत प्रसंग आला नव्हता.

सासऱ्यांनी भिंतीला तळहात लावला. बराच वेळ लावून ठेवला. "हं," म्हणाले.

१९ जुलै

सासऱ्यांना इकडच्या भाषेतला एक शब्द येत नाही. तरी सहा दिवसांत इमारतीतले सगळे त्यांना ओळखू लागले. ते सरळ मराठीत बोलतात. खालच्या न्हाव्याला म्हणाले, "मागून बारीक, वरून हलकं, आणि कानावरचे राहू दे, ते माझे लाडके आहेत." त्याने बरोबर तसेच कापले. पलीकडच्या आजीबाईंशी अर्धा तास गुडघेदुखीवर बोलले. त्या त्यांच्या भाषेत आणि हे आपल्या.

"भाषा येत नाही म्हणून कुणी गप्प बसतं का, जावईबापू?" असं त्यांनी मला विचारलं. मी विचारात पडलो.

रोज ते बायकोच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून पूर्ण फेरी मारतात आणि वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो.

त्यांची कवळी ढिली झाली आहे, बोलताना टकटक वाजते. लॅबमध्ये नेऊन माप घेतलं. त्यांच्यासाठी नवीन करतो आहे. दातांचा रंग तीनदा बदलला. मालक म्हणाले, राजाची कवळी आहे का?

२५ जुलै

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं.

बायको ड्यूटीवर. मी सुट्टी घेऊन घरी. बेल वाजली आणि सासऱ्यांनी दार उघडलं. दारात कोर्टाची पाहणीवाली बाई, हातात फाईल. सासऱ्यांनी तिला "या, या!" करून आत घेतलंसुद्धा.

"कोण हो ही?" त्यांनी मला विचारलं.

"ओल बघायला आलीय. घरमालकाकडून."

"उत्तम! मलाही त्या ओलीबद्दल बोलायचंच होतं."

बाईने विचारलं, "हे कोण?" मी इकडच्या भाषेत म्हणालो, "बायकोचे वडील." माझा आवाज मलाच परका वाटला. ती म्हणाली, "त्यांना परिस्थितीची कल्पना आहे?" मी म्हणालो, "ते त्यासाठीच आले." दाखला आणायला आले होते, म्हणजे खोटं नव्हे.

मग ती आतल्या खोलीत गेली. कपाट पाहून तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं. सासरे मागोमाग आले आणि भिंतीवर थापा मारू लागले.

"सांगा तिला, कोरडी ठणठणीत आहे! मी रोज हात लावून बघतो. कुठेही ओलावा नाही!"

"काय म्हणतात?" बाई.

"म्हणतात, कोरडं झालंय सगळं. ओलावा राहिला नाही."

बाईने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"आणि सांगा, हे माझ्या मुलीचं घर आहे. एक भेग दाखवलीत तर मिशी उतरवीन!"

"म्हणतात, भेगा आहेत. लाज वाटते त्यांना."

इतक्यात सासऱ्यांनी बॅगेतून आमच्या लग्नाचा फोटो काढला. मिरवायला आणलाच होता. तो बाईच्या हातात देऊन ते तोंडभर हसले. बाई गोंधळली.

"मग हे हसतात कशाला?"

"दात," मी म्हणालो. "नवीन आहेत. मी केले."

ती जवळ वाकून बघू लागली. सासऱ्यांनी आणखी मोठं हसून दाखवलं. बाई म्हणाली, फार छान काम आहे, माझ्या आईच्या कवळीचंही बघाल का. मी म्हणालो, लॅबमध्ये घेऊन या, सोमवारी या, सकाळी गर्दी नसते. एवढी तीन वाक्यं सलग, इकडच्या भाषेत.

ती गेल्यावर सासरे म्हणाले, "चांगली आहे बिचारी. पण ओल बघायला आली आणि भिंतीला हातसुद्धा लावला नाही हो."

संध्याकाळी बायकोला कपाटाच्या अलीकडून सगळं सांगितलं. ती पलीकडे पोट धरून हसली. मी सांगत गेलो, ती हसत गेली. मग एकदम गप्प झाली. बहुतेक हसून दमली असावी.

३ ऑगस्ट

सुनावणी पुढच्या आठवड्यात. सासरे काही परत जायचं नाव घेत नाहीत. नोकरी कायम झाल्यावर पेढे वाटूनच जाणार म्हणतात. बायको आज स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली.

"बाबांना सांगायला हवं."

"हो."

"माझ्याच्याने होत नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि हवामानावर बोलले." ओट्याची कड तिने घट्ट धरली होती. "तू सांगशील?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माझ्या वतीने ती बोलते. तिच्या वतीने मी, असं कधी झालं नव्हतं.

"कुठे सांगू?"

"बसमध्ये. मी चालवत असताना," ती म्हणाली. "स्टिअरिंगवर असले की मला रडता येत नाही."

बसच्या नियमातच असेल तसं.

४ ऑगस्ट

सांगितलं.

दुपारची फेरी होती. सासरे आणि मी तिच्या पाठीमागच्या सीटवर. डोक्यावर पाटी, चालकाशी बोलू नये. मी म्हटलं, आपण तर मागच्या माणसाशी बोलतोय.

"बाबा, आम्ही घटस्फोट घेतोय. दाखला त्यासाठी हवा होता."

सासरे समोर रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला होता, पण वळण नव्हतं.

"मारता का तिला?"

"नाही."

"बाहेर कुणी आहे? तुमचं? तिचं?"

"नाही."

"मग काय हौस म्हणून घेताय?"

आरशात बायकोचे डोळे दिसत होते. मी ठरवलं होतं, थोडक्यात सांगायचं. पण सुरुवात झाली आणि थांबता येईना.

"तिचं म्हणणं असं आहे, की दोघांच्या वाट्याचं बोलणं मी तिच्या एकटीवर टाकलं. आधी बँकेतलं, मग दवाखान्यातलं, मग घरातलंसुद्धा. भांडायचं झालं तरी माझ्या बाजूनेही तीच बोलते, आणि शेवटी तीच हरते. आणि दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते, बाबा. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बाळाचे ठोके लागत नाहीत. ते इकडच्या भाषेत म्हणाले. मला समजलं होतं, तरी मी नेहमीसारखा तिच्याकडे बघत राहिलो, काय म्हणाले म्हणून. मग ते तिला मला मराठीत सांगावं लागलं. एकदा ऐकलं आणि एकदा बोलली. आणि मी म्हणालो, बरं."

बेल वाजली. पुन्हा वाजली. मग पाच-सहा जण एकदम बेल दाबू लागले. बस थांब्यावरून सरळ पुढे निघून आली होती. मागून एक म्हातारी ओरडायला लागली, कुणीतरी तिच्यात सूर मिसळला. बायको समोर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मी उठलो. दांडा धरला आणि अख्ख्या बसला इकडच्या भाषेत सांगितलं, "माफ करा. थांबा राहिला. पुढच्याला थांबेल. ड्रायव्हरची चूक नाही. चूक माझी आहे."

म्हातारी म्हणाली, "मग ठीक आहे," आणि बसली.

सासरे पुढे वाकून लेकीला म्हणाले, "डावीकडचा आरसा बघ, सायकलवाला आहे." तिने मान हलवली. मग मला म्हणाले, "तुम्ही एवढं बोलता हे मला ठाऊक नव्हतं."

"मलाही नव्हतं," मी म्हटलं.

फेरी संपल्यावर बायको खाली उतरली नाही. मला म्हणाली, "तुला हे सगळं ठाऊक होतं?" मी म्हटलं, "तू सांगितलंस तेव्हा ऐकलं होतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. काही चुकीचं बोललो का, कळेना.

११ ऑगस्ट

सुनावणी झाली.

सासरे नवी कवळी घालून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याबरोबर आले. "लग्नाला होतो, याला का नको?" म्हणाले.

माझ्यासाठी कोर्टाने दुभाष्या दिला होता. तो भला माणूस होता, पण आपल्या भाषेचा नव्हता. शेजारच्या कुठल्या तरी भाषेचा होता. मी काहीही म्हटलं की तो "छान, छान" म्हणायचा. आमचा दाखला न्यायाधीशांच्या समोर ठेवला होता, भाषांतर करून. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"तुमचं लग्न गेल्या महिन्यात झालंय."

वकीलबाई दचकल्या. घोळ असा झाला होता, की सासऱ्यांच्या विद्यार्थ्याने नोंदीची तारीख ठळक टाकली होती आणि लग्नाची खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. भाषांतर करणाऱ्याने ठळक तेवढी घेतली.

"लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय या कोर्टात घटस्फोट मिळत नाही," न्यायाधीश म्हणाले. "ही तारीख बरोबर आहे का? नसेल तर आत्ता सांगा. असेल तर पुढच्या वर्षी या."

वकीलबाई कागद उलटेपालटे करत होत्या. बायको टेबलाकडे बघत होती. तीही बोलेना. दुभाष्याने मला विचारलं, "छान?"

पाठीमागच्या बाकावरून सासरे कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं म्हणजे चौकात ऐकू यावं असं. शब्द त्यांना कळला नव्हता, पण कुठला घाट आहे ते बरोबर ओळखलं होतं. "गप्प बसा, जावईबापू! तुम्हाला येतं ते! गप्प बसा!"

गप्प बसलो असतो तर एक वर्ष मिळालं असतं. मी उभा राहिलो.

"चूक आहे, साहेब. लग्नाला अकरा वर्षं झाली. तारीख खाली आहे, बारीक. अकरा वर्षं ती बोलली, मी नाही बोललो. आज मी बोलतो. तिला हवंय ते द्या."

न्यायाधीशांनी भिंग मागवलं आणि बारीक अक्षरं वाचली. मग मला विचारलं, "आणि तुम्हाला काय हवंय?"

मी सवयीने बायकोकडे बघितलं. न्यायाधीशही तिच्याकडे बघू लागले, दुभाष्यासुद्धा.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."

मला इकडच्या भाषेत शब्द येईना, म्हणून मराठीत शोधला, तर तोही सापडेना. जे सापडलं ते सांगितलं.

"मला तिच्या बसमधून जायचंय. रोज. कामाला जाताना."

न्यायाधीशांनी वकीलबाईंकडे पाहिलं, वकीलबाईंनी छताकडे. "त्याला या कोर्टाची हरकत नाही," न्यायाधीश म्हणाले आणि घटस्फोट मंजूर केला.

बाहेर पायऱ्यांवर बायको, म्हणजे आता बायको नाही, म्हणाली, "माझी सकाळपाळी असते. लवकर उठावं लागेल."

मी बरं म्हणणार होतो. त्याऐवजी विचारलं, "किती लवकर?"

२० ऑगस्ट

लॅबच्या वरची खोली घेतली. घरमालकाशी मीच बोललो. तो जरा जास्तच बोलतो, पण मी कमी पडलो नाही.

आज सासऱ्यांना, म्हणजे त्यांना, विमानतळावर सोडायला तिघं मिळून गेलो. कोर्टापासून ते माझ्याशी फारसं बोलले नव्हते. रागावले असतील, आणि ते साहजिकच. टॅक्सीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. सामानाच्या रांगेत त्यांनी एकदम माझ्याकडे वळून पाहिलं.

"एक प्रश्न आहे. आता तुम्हाला म्हणायचं काय? जावईबापू तर म्हणता येत नाही."

मी म्हटलं, "काहीही म्हणा."

त्यांनी विचार केला. रांग पुढे सरकली, मागचा माणूस खाकरला, काउंटरवरच्या मुलीने हात केला. ते हलले नाहीत. आणि मग माझ्यावर खेकसले, "अरे, बघत काय उभा राहिलास? उचल ती बॅग! म्हाताऱ्या माणसाकडून ओझी उचलून घेतोस?"

मी बॅग उचलली आणि काट्यावर ठेवली. अकरा वर्षं अहो-जाहो करत आले, लग्नाच्या दिवशीसुद्धा. मला कुणी अरे म्हटल्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक.

"आणि घरी फोन करत जा," ते म्हणाले. "तिला करू देऊ नकोस. तू कर. बोलायला काही नसलं तरी कर."

"हो बाबा," मी म्हटलं.

ती शेजारीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिथे वातानुकूलनाचा झोत थेट तोंडावर येतो.